दोन पार्ट्या मिळून दोन माणसं

आमच्या गायन पार्ट्या डीजेनं मारल्या, असं सगळे म्हणतात. कुणी विचारलं तर मीही तेच सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे. खरं म्हणजे डीजे यायच्या आधीच आम्ही निम्मे मेलो होतो. माझ्या थोरल्या भावाच्या पार्टीतला बेंजोवाला वॉचमनकी करायला पुण्याला गेला. कोरसमधल्या दोघींच्या सुनांना सासूनं स्टेजवर गायलेलं चालेना. शेवटी भाऊच वारला. धारूरकडच्या पार्टीचं तर त्याहून वाईट. त्यांचा म्होरक्या पंचायत समितीच्या तिकिटापायी एका पुढाऱ्याच्या मागं लागला आणि माईकसेट विकून मोकळा झाला. तिकीट दुसऱ्यालाच मिळालं. डीजेच्या भिंती आल्या तेव्हा मैदान रिकामंच होतं, त्या नुसत्या येऊन उभ्या राहिल्या.

मी माजलगावची. अंगणवाडीत पोरं सांभाळत आयुष्य गेलं, आणि भीमजयंतीचे दिवस आले की भावाच्या पार्टीत खंजिरी घेऊन पुढं गायले. समोर बहुतेक वेळा धारूरचीच पार्टी असायची. हल्लीच्या पोरांना मुकाबला म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगते. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं त्याच चालीत, जागच्या जागी, जवाब द्यायचा. विचार करायला वेळ किती, तर समोरचा ओळ संपवतो, श्वास घेतो आणि तुमच्याकडं बघतो तेवढा. त्यानं बघितलं की तुमची पाळी. जवाब सुचला नाही तर हार, आणि ती हार वर्षभर बाजारात ऐकून घ्यावी लागायची. सुरुवातीचे सवाल इतिहासाचे, धम्माचे, अन्यायाचे असायचे. मंडप तापला की सवाल अंगावर यायचे.

धारूरच्या पार्टीतला पेटीवाला गाणी स्वतः रचायचा आणि स्वतःच गायचा. आमच्या गावाला धरण, त्याच्या गावाला किल्ला, म्हणून भर सभेत मला 'धरणातली बेडकी' म्हणायचा. मी त्याला 'किल्ल्यावरचं वटवाघूळ' म्हणायचे. लोक शिट्ट्या मारायचे. स्टेजवरून उतरल्यावर मात्र आम्ही एकमेकांशी कधी एक शब्द बोललो नव्हतो. बोलायचं काय होतं?

माझा भाऊ वारल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला हा माणूस आला. पांढरा शर्ट घालून शेवटच्या ओळीत बसला. भंतेजींचं सगळं आटोपल्यावर उभा राहून म्हणाला, "मला एक गाणं म्हणायचं हाय. आमी ह्यांच्याशी लई भांडलाव. आता भांडायला कुणी न्हाई." पेटी त्यानं बरोबर आणली होती. साथीला कुणीच नव्हतं. मी घरातून खंजिरी आणली आणि त्याच्या शेजारी बसले. रडू येत होतं आणि रागही येत होता. माझ्या भावाला नीट निरोप द्यायला त्याच्या पार्टीतलं एक माणूस आलं नव्हतं, आणि हा वैरी आला होता.

तेव्हापासून आम्ही दोघं. मी त्यांना पेटीवाले म्हणते, ते मला अक्का म्हणतात. दोन पार्ट्यांत मिळून पंधरा-वीस माणसं होती, त्यातली एवढीच उरली. जयंतीला आम्हाला कुणी विचारत नव्हतं. आम्हाला बोलावणं यायचं ते कुणी मेल्यावर. पुण्यानुमोदनाला डीजे लावता येत नाही, म्हणून आम्ही. ज्या माणसानं उभ्या हयातीत आमची गाणी ऐकून टाळ्या वाजवल्या, त्याच्या फोटोपुढं जाऊन गायचं. ऐकणारे एकेक करून असे फोटोत जाऊन बसायला लागले होते.

कडा गावात एक साखर कारखान्यातले रिटायर कामगार वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गेलो होतो. सकाळची वेळ. फोटोला हार, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्यांतल्या बाया. पेटीवाल्यांनी बाप गेल्याचं गाणं धरलं. चांगलं रंगलं होतं. शेवटची ओळ होती, 'सांगा आता या घराला आधार कुणाचा?' ती ओळ संपली आणि त्यांना धाप लागली. वय झालेलं. श्वास घ्यायला थांबले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

त्यांनी बघितलं! पंचवीस-तीस वर्षं ज्या नजरेला मी जवाब दिला तीच नजर. डोक्यात काही यायच्या आधी तोंडातून बाहेर पडलं, त्याच चालीत, खंजिरीच्या थापेसकट:

'आधार द्याया निघालास कुणाला, धाप लागली तुला,
किल्ल्यावरच्या वटवाघळा, आधी सांभाळ गळा!'

भंतेजी माझ्याकडं बघत राहिले. पेटीवाल्यांनी तरी गप्प बसावं की नाही? पण त्यांचाही हात पेटीवर होता, आणि सवय त्यांचीही तीच. पुढच्या श्वासाला त्यांनी बेडकीवर ओळ टाकलीच. मग आम्हा दोघांना एकदमच भान आलं. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. तेवढ्यात ज्यांचा नवरा गेला होता त्या बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या आणि म्हणाल्या, "ते बी असंच भांडायचे माझ्यासंगं."

त्यांनी पोटात घातलं म्हणून आम्ही मार न खाता घरी आलो. पण त्यांच्या पुतण्यानं मोबाइलवर सगळं घेतलं होतं. फोटो, मेणबत्त्या कापल्या, आमच्या दोघांचं भांडण तेवढं ठेवलं आणि वर लिहिलं, 'आजी-आजोबांचा राडा'. आठ दिवसांत माजलगावच्या भाजीबाजारात पोरीसोरी मला बघून वटवाघळाची ओळ म्हणायला लागल्या.

आणि मग बोलावणी यायला लागली. कॉलेजच्या गॅदरिंगला, वाढदिवसांना, दुकानाच्या उद्घाटनाला. तीच माणसं, जी जयंतीच्या वर्गणीतून आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडायला तयार नव्हती. आयोजक फोनवर म्हणायचे, "भीमगीतं एक-दोन घ्या, बस्स झाली. मग भांडण सुरू करा." एकानं तर विचारलं, "अक्का, चप्पल काढून मारायचं तेवढं ऐक्टिंग करताल का?" मी त्याला म्हणाले, "ऐक्टिंग कावून? तू समोर ये की, खरंच मारते." तर तो खूश होऊन म्हणाला, "हेच, हेच पाह्यजे!"

लबाडी कशाला करू, टाळ्यांचा आवाज मला बरा वाटत होता. मान ताठ व्हायची. पेटीवाल्यांना मात्र ते आतून खात होतं. कार्यक्रम संपला की पेटीवर कापड घालून ते बाजूला जाऊन बसायचे. मी एकदा चिडूनच विचारलं, "काय झालंय तुमाला? मयतीत गायलाव तवा बरं हुतं का?"

ते म्हणाले, "मयतीत लोक गाणं ऐकायचे, अक्का."

त्या दिवशी माझ्या ओसरीत बसून त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाचं सांगितलं. तो त्यांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. मी त्याला समोरून कितीदा बघितलेलं. हसरा होता, माझ्या जवाबालाही मान डोलवायचा. मग एका वर्षी तो दिसेनासा झाला आणि ढोलकीवर दुसराच कुणी आला. आम्ही आपसात म्हटलं, भांडण झालं असेल.

झालं होतं असं. डोंगराकडच्या एका गावात त्यांच्या पार्टीचा कार्यक्रम झाला. गावाचं नाव मी इथं घेत नाही. दुसऱ्या दिवशी पार्टी निघाली, हा ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडाचं कातडं, बसवून घ्यायला मागं थांबला. भर दुपारी त्याला चावडीपाशी धरलं. आदल्या दिवशीच्या गाण्यातली एक ओळ गावातल्या कुणाला तरी झोंबली होती. ओळ पेटीवाल्यांची, मार ढोलकीवाल्याला. मारायला तिघं-चौघं होते, बघायला अर्धं गाव. त्याची बोटं दगडावर ठेवून ठेचली. पोलिसांनी विचारलं तेव्हा गावातला एकूण एक माणूस त्या दुपारी कुठं ना कुठं बाहेर गेलेला होता. केस उभी राहण्याआधीच बसली. भाऊ पुढं काही वर्षं जगला. ढोलकीला हात लावला नाही, जेवतानासुद्धा घास धरता यायचा नाही. दारूत गेला.

"ह्याच्यावर मी गाणं केलतं," पेटीवाले म्हणाले. "म्होरक्यानं गाऊ दिलं न्हाई. म्हणला, त्या पट्ट्यातले कार्यक्रम बंद हुतील, पार्टीनं खायचं काय?"

मग त्यांनी ते गाणं मला ऐकवलं. पेटी हळू, आवाज त्याहून हळू.

'कुणी गेलतं शेताला, कुणी गेलतं बाजाराला,
मग चपला कुणाच्या होत्या सांगा, चावडीच्या दाराला?'

मी ऐकून सुन्न झाले ती दोन कारणांनी. एक शब्दांमुळं. दुसरं असं की चाल माझ्या भावाची होती. भावाचं एक उडत्या चालीचं गाणं होतं, नुसतं सुरू केलं की पोरं ठेका धरून उठायची. एवढं दुखरं गाणं ह्या माणसानं त्या नाचऱ्या चालीत बसवलं होतं.

"चाल बदला," मी म्हणाले. "ही हासायची चाल हाय. लोक हासतील."

"बदलणार न्हाई. तुमचा भाऊच म्हणायचा की, जड सवाल हालक्या चालीत टाकावा. मान्साच्या तोंडात बसतो, मग सावकाश पोटात जातो. चावडीपाशी बसलेल्यानं त्यो घरी जाऊन, न्हाताना म्हणला पाह्यजे."

मी पुष्कळ वाद घातला. मुकाबल्याच्या माणसाला माझं म्हणणं पटणं शक्यच नव्हतं. आम्ही सगळं आयुष्य समोरच्याच्या तोंडात ओळ बसवण्यात घालवलेलं. लोक आता मुकाबला ऐकत नाहीत, रील बघतात, एवढाच फरक त्यांनी धरला नाही. त्यांना एकच पाहिजे होतं. त्या गावात, त्या चावडीपुढं, ती माणसं जिवंत आहेत तोवर हे गाणं एकदा म्हणायचं. बाकी बेडकी आणि वटवाघूळ त्यांनी त्याच्यासाठीच सोसलं, हे मला तेव्हा कळलं.

आणि बोलावणं आलंच. त्या गावातल्या एका युवा नेत्याचा वाढदिवस होता. त्याचा बाप त्या काळी गावचा कारभारी. फोनवर पोरगा गोड बोलला, "अक्का, आबांना तुमचे व्हिडिओ लई आवडतात. या म्हणजे याच." पेटीवाल्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन लगेच हो म्हटलं.

आम्ही संध्याकाळी पोचलो, ऊन अजून होतं. चावडीच्या जागी आता फरशीची ग्रामपंचायत. तिच्यापुढंच स्टेज. मागं भलामोठा बॅनर, त्यात नेत्याचा फोटो आणि कोपऱ्यात आमचे दोघांचे, तोंडं वासलेले. खाली लिहिलेलं, 'हास्यकल्लोळ'. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर गावातले वयस्कर लोक, पांढरे कपडे, टोप्या, फेटे. पेटीवाले एकेकाचं तोंड निरखून बघत होते. मला म्हणाले, "हायेत. बरेच हायेत."

बाईमाणूस, परकं गाव, शेवटची बस गेलेली. पण त्यांना थांबवावं असं मला वाटलं नाही, हेही खरं. नेहमीचं भांडण झालं. लोक हसून लोळले. मग पेटीवाल्यांनी पेटीचा भाता नीट केला आणि म्हणाले, "आता येक सवाल."

ठेका पडल्याबरोबर टाळ्या सुरू झाल्या. भावाची चालच तशी. पहिल्या वेळी लोकांनी ओळ ऐकली, दुसऱ्या वेळी टाळी धरली, आणि तिसऱ्या वेळी सगळा मंडप म्हणायला लागला. 'चपला कुणाच्या होत्या सांगा, चावडीच्या दाराला!' बाया म्हणत होत्या, तरणी पोरं हात वर करून म्हणत होती. पुढच्या कडव्यात ठेचलेली बोटं आली, दगड आला, ढोलकी आली. शब्द अगदी स्पष्ट होते, पेटीवाल्यांनी एक अक्षर खाल्लं नाही. पण कडवं ऐकायला कुणी थांबेना, सगळे पुन्हा चपलांच्या ओळीची वाट बघत होते. खुर्चीवरचा एक म्हातारा तर गुडघ्यावर ताल देत होता. सगळं गाव स्वतःलाच सवाल विचारत होतं आणि मजेत होतं.

शेवटची ओळ संपली. पेटीवाल्यांनी श्वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

मंडप माझ्याकडं बघायला लागला. "अक्का, हाणा! सोडू नका म्हाताऱ्याला!" खंजिरी हातात होती आणि तोंडात ओळही तयार होती, चपलेवरच तयार होती, लोक हसून मेले असते. मी ती गिळली. माईक पुढं ओढला आणि म्हणाले, "हा सवाल मला न्हाई. तुमाला हाय. त्या दुपारी हितं कोण कोण हुतं, तुमी सांगा."

क्षणभर शांत झालं. एकच क्षण. मग मागून कुणी तरी ओरडलं, "अक्का हारली बे!" आणि शिट्ट्या, टाळ्या, हलकल्लोळ. युवा नेता स्टेजवर आला, आम्हा दोघांना शाली घातल्या, पेटीवाल्यांचा हात धरून वर केला आणि म्हणाला, "आजचा विजेता!" त्याच्या बापानं खालून सांगितलं, "चाल लई गोड हाय. आणखीन एकदा हुंदे." पेटीवाल्यांनी नाही म्हटलं. घसा बसला म्हणाले.

त्याचा व्हिडिओ आला. नाव, 'आजीची बोलती बंद'. त्यात कडवी नव्हतीच. चपलांची ओळ, मग माझं गप्प बसणं, मग हशा. मी जे बोलले ते कापलेलं. पहिल्या राड्याहून हा जास्त चालला. मला इतका संताप आला की मी मोबाइल दळणाच्या डब्यात टाकून दिला. रडलेही. नंतर पेटीवाल्यांचा फोन येऊन गेलेला दिसला, पण मी उलट लावला नाही. काय बोलणार होते? मी सांगितलं नव्हतं का?

पुढं काही आठवड्यांनी धारूरला बाजाराच्या दिवशी आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात बसची वाट बघत बसलो होतो. एका वाढदिवसाला निघालो होतो, हो, गेलो परत, पोट आहे आणि सवय आहे. हॉटेलवाल्यानं आम्हाला ओळखलं आणि लगेच मोबाइलवर तो व्हिडिओ मोठ्यानं लावला. पेटीवाले खाली बघत बसले. आमच्या पलीकडच्या बाकावर एक म्हातारा चहा पीत होता. चपलांची ओळ सुरू झाली तसा तो म्हणाला, "बंद कर ते."

"का ओ बाबा? ईनोदी हाय."

"बंद कर म्हणलं की!"

हॉटेलवाला हसला, आवाज थोडा कमी केला. ओळ पुन्हा आली. म्हातारा उठला. कप अर्धा तसाच ठेवला, काठी घेतली आणि आमच्याकडं न बघता उन्हात चालायला लागला. पेटीवाले त्याला वळणाआड होईपर्यंत बघत राहिले.

"कोण हुता?" मी विचारलं.

"त्या दुपारी हुता त्यो," ते म्हणाले. "मारणाऱ्यात न्हाई. बघणाऱ्यात." मग म्हणाले, "त्याच्या पोटात गेलंय, अक्का."

त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मला बघवलं नाही. एका माणसाची बोटं ठेचली, त्याचं घर बुडालं, सख्ख्या भावानं म्हातारपणी लोकांसमोर वटवाघूळ होऊन दाखवलं, आणि त्याच्या बदल्यात मिळालं काय, तर एका म्हाताऱ्याला चहा गोड लागला नाही. एवढ्यावर हा माणूस खूश! मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. पण हलवलं नाही, कारण त्यापेक्षा जास्त काही त्यांना मिळणार नव्हतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. बस लागली. त्यांनी पेटी उचलली आणि मला म्हणाले, "चला, भांडायला उशीर हुतोय."